काटेरी रानाचा हिशेबनीस

वाळवंटातलं झाड कशानं मरतं, सांगा पाहू?

“उन्हानं!” हं, तू असंच म्हणणार. आणि ताई म्हणेल, पाण्यावाचून. पण आज ज्या झाडाची गोष्ट आहे ना, ते उन्हाला जुमानत नाही. महिनोन्‌महिने पावसाचा थेंब नाही पडला तरी ताठ उभं राहतं. १२ मीटर वाढतं, दीडशे वर्षं सहज जगतं, आणि अंगावर काट्यांचा असा बंदोबस्त की शेळीसुद्धा लांबूनच नमस्कार करील. असा हा दांडगा गडी एकाच गोष्टीपुढे नांगी टाकतो. थंडीपुढे! आणि तीही कुठलीही थंडी नाही हं, अगदी ठरावीक प्रकारची. ती कुठली, हे एका माणसानं शोधून काढलं. त्याची ही गोष्ट.

घोडेस्वारांच्या इंग्रजी सिनेमात मागे हात वर करून उभं असलेलं हिरवं झाड पाहिलंय ना? ते सवारो. निवडुंगांतलं सगळ्यात नावाजलेलं. जगात ते आपणहून उगवतं फक्त सोनोरा वाळवंटात: अमेरिकेचं ॲरिझोना राज्य, तिथून खाली मेक्सिकोतला सोनोरा प्रांत, आणि कॅलिफोर्नियाचा एक कोपरा. सिनेमावाले ते टेक्सासातही उभं करतात. त्यांचं काय जातंय!

ॲरिझोनात टूसॉन नावाचं गाव आहे. गावाच्या पश्चिमेला काळ्या दगडाची टेकडी, टूमामॉक. तिथल्या मूळच्या तोहोनो ओओधम लोकांनी दिलेलं हे नाव. वर्षाला पाऊस सारा ३०० मिलीमीटरच्या आतबाहेर. आपल्या माण-खटावातल्या शेतकऱ्यालाही दया यावी असा. पण तो दोनदा येतो. हिवाळ्यात सावकाश, भिजवत भिजवत. आणि जुलै ते सप्टेंबर गडगडाट करत, ओढे फोडत. या उन्हाळी पावसाला तिथेही मॉन्सूनच म्हणतात बरं का.

१९०३ साली वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेनं या टेकडीवर एक प्रयोगशाळा उभारली. फ्रेडरिक कोव्हिल आणि डॅनियल मॅकडूगल या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी अमेरिकेचं वाळवंट पालथं घालून जागा निवडली होती. टेकडीवरच्याच काळ्या दगडाच्या भिंती, आणि काम एकच: इतक्या कमी पाण्यात झाडं जगतात कशी ते पाहायचं. तोवर वनस्पतिशास्त्र म्हणजे बहुतेक करून नमुने गोळा करायचे, कागदात दाबायचे आणि नाव द्यायचं. इथे मात्र झाड जिथे उभं आहे तिथेच जाऊन त्याची चौकशी करायची होती. थोड्याच वर्षांत टेकडीला कुंपण घातलं, गुरं बाहेर ठेवली. आणि १९०६ मध्ये व्होल्नी स्पाल्डिंग नावाच्या म्हाताऱ्या प्राध्यापकानं जमिनीवर चौकोन आखले, प्रत्येक १० मीटर लांब, १० मीटर रुंद. त्यातलं प्रत्येक झाड नकाशावर मांडलं. हे चौकोन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता आपला माणूस. फॉरेस्ट श्रीव्ह. जन्म १८७८ चा, मेरीलँड राज्यातला, म्हणजे अमेरिकेच्या ओल्या, हिरव्यागार पूर्व किनाऱ्याजवळचा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९०५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. मग गेला कुठे, तर जमैका बेटावर! निळ्या डोंगरांतल्या धुक्यानं भरलेल्या जंगलात, जिथे झाडांच्या फांद्यांवर शेवाळं आणि नेचे लोंबतात. त्या जंगलावर त्यानं पुढे एक मोठा प्रबंध छापला. म्हणजे बघा, पाणी धो धो असलेल्या रानाचा अभ्यासक १९०८ साली या कोरड्या टेकडीवर येतो आणि मरेपर्यंत तिथून हलत नाही. मला वाटतं, ओल्या जंगलातून आल्यामुळेच त्याला वाळवंट नीट दिसलं. तिथल्या माणसाला जे रोजचं, ते याला नवलाचं.

आल्या आल्या त्यानं सवारोच्या मागे लागायचं ठरवलं. पहिला प्रश्न अगदी साधा: हे झाड वाढतं किती वेगानं? आंब्याचा नाहीतर सागाचा बुंधा कापला की वलयं मोजता येतात. सवारोत तशी वलयं नसतात. आत पाण्यानं भरलेला गर आणि त्यात उभ्या लाकडी बरगड्या. बाहेरच्या अंगावर वरपासून खालपर्यंत घड्या. पाऊस पडला की घड्या उलगडतात आणि झाड जाड होतं, पाणी संपत आलं की पुन्हा मिटतात. मुळं फार खोल नाहीतच. वीतभर खोलीवर, पण चारी बाजूंना लांबवर पसरलेली, वरवरचा पाऊस चटकन टिपायला. या मुळांचा पाठपुरावा त्याच टेकडीवरच्या विल्यम कॅनननं केला होता. त्यानं चक्क माती उकरून एकेक मूळ शेवटपर्यंत नेलं.

मग वय कसं काढायचं? श्रीव्हनं पट्टी घेतली. लहान-मोठ्या सवारोंची उंची मोजायची, पुढच्या वर्षी पुन्हा मोजायची, आणि वाढीवरून मागे मागे हिशेब करत जायचं. त्यातून पुढे जे कळत गेलं ते ऐकून तुम्हांला खोटं वाटेल. पहिल्या आठ वर्षांत सवारोचं रोप तीन-चार सेंटिमीटर वाढतं. तुझ्या करंगळीएवढंही नाही! पहिलं फूल यायला तीसपस्तीस वर्षं. आणि तो सिनेमातला वर केलेला हात फुटायला पन्नास ते पंच्याहत्तर. ज्यानं बी टाकलं तो माणूस हात पाहायला असेलच असं नाही.

“मग आजोबा, सगळीकडे मोठीच झाडं का दिसतात?”

शाबास! हाच प्रश्न श्रीव्हला पडला. एका फळात दोनेक हजार बिया. एक झाड आयुष्यभरात कोट्यवधी बिया सांडतं. तरी टेकडीवर हातभराच्या आतली पोरं शोधायला गेलं तर फार थोडी. १९१० मध्ये त्यानं लिहिलं की मरणाऱ्या झाडांची जागा भरून निघेल इतकी नवी झाडं उगवताना दिसत नाहीत. लोक घाबरले, सवारो संपणार! पुढच्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की सवारोचा जन्म दरसालचा नसतो. उन्हाळी पाऊस चांगला, पाठोपाठचे हिवाळे सौम्य, असा योग लागोपाठ काही वर्षं जमला की पोरांचं पीक येतं, मग पुन्हा कित्येक वर्षं काही नाही. श्रीव्हची मोजणी बरोबरच होती. फक्त या झाडाला माणसाच्या वर्षांनी मोजून चालत नाही. ही गोष्ट त्यालाही लवकरच उमगली असावी, कारण पुढची सगळी कामं त्यानं दशकांच्या हिशेबानं केली.

आता थंडी. सवारो उत्तरेकडे एका रेषेपाशी अचानक संपतं. का? पाऊस तर पलीकडेही तेवढाच. श्रीव्हनं लहान सवारो गोठवून पाहिली, आणि जोडीला हवामानाच्या नोंदी चाळल्या. १९११ मध्ये त्यानं उत्तर छापलं. रात्री पारा शून्याखाली गेला तरी सवारो मरत नाही. त्याचं अंग जाड, दिवसभराची ऊब गरात साठलेली, ती हळूहळू निघते. सकाळी ऊन आलं की पुन्हा ठीक. पण एक रात्र गोठली, दुसऱ्या दिवशी दुपारीही पारा शून्याच्या वर आला नाही आणि दुसरी रात्रही तशीच गेली, की संपलं. म्हणजे किती थंडी पडली हा प्रश्नच चुकीचा होता. किती तास सलग पडली, हे विचारायचं. आणि नकाशावर पाहिलं तर जिथे जिथे असा न वितळणारा दिवस येतो, तिथे तिथे सवारो थांबलेलं!

यातलीच दुसरी गंमत. सवारो दरीच्या तळाशी कमी, उतारावर जास्त. तुम्ही म्हणाल, तळाला तर माती चांगली, ओल जास्त. श्रीव्हनं पायथ्याशी आणि वर उतारावर तापमापक ठेवले. रात्री पायथ्याची हवा वरच्यापेक्षा गार! थंड हवा जड, ती उतारावरून घरंगळत खाली जाऊन साचते. आपल्या महाबळेश्वरात हिवाळ्यात वर्तमानपत्रं फोटो छापतात ना, दवबिंदू गोठले म्हणून? ते फोटो बाजारपेठेतले नसतात. वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या सखल भागातले असतात. कारण तेच.

मग साहेब घोड्यावर बसून सांता कॅटालिना डोंगरावर जाऊ लागले. टूसॉनच्या उत्तरेला ही रांग. पायथ्याशी सवारो, वर गेलं की गवताळ रान, मग ओक, मग पाइन, आणि २७९१ मीटरच्या माऊंट लेमनच्या आसपास फरची गर्द, सावलीची जंगलं. एका दिवसाच्या चढणीत वाळवंट ते हिमप्रदेश! श्रीव्हनं ठिकठिकाणी पाऊस आणि तापमान मोजायची साधनं मांडली, वर्षानुवर्षं त्यांच्या फेऱ्या केल्या. दक्षिणेच्या उन्हाळ उताराला वाळवंटातली झाडं जास्त वर चढतात, उत्तरेच्या सावलीच्या उताराला डोंगरावरची झाडं खाली उतरतात, हे त्यानं मीटरमीटरनं दाखवलं. १९१५ मध्ये त्यावर पुस्तक निघालं. माझ्या मते त्याचं सगळ्यात देखणं काम हेच.

बरं, तो एकटा नव्हता. १९०९ मध्ये त्याचं लग्न झालं, एडिथ बेलामीशी. ती भौतिकशास्त्र शिकलेली, हाताला मोजमापाची सवय. टेकडीवर आली आणि तिनं आपला वेगळाच प्रश्न धरला: झाड पाणी गमावतं कधी? आधी तिनं पालोव्हर्डी नावाच्या झाडाचा दिवसभराचा हिशेब मांडला, १९१४ मध्ये. मग निवडुंग. बहुतेक झाडं दिवसा पानांवरच्या बारीक छिद्रांतून वाफ सोडतात, रात्री छिद्रं मिटतात. एडिथच्या आकड्यांनी मात्र उलटंच सांगितलं. निवडुंग दिवसापेक्षा रात्री जास्त पाणी सोडत होतं! १९१६ मध्ये तिनं हे छापलं.

का बरं? विचार करा. झाडाला हवेतला कार्बन डायऑक्साइड हवा, त्यासाठी छिद्रं उघडावी लागतात. छिद्रं उघडली की पाणी जातं. वाळवंटात दिवसा दार उघडं टाकलं तर दिवाळं निघेल. म्हणून निवडुंग रात्री, गारव्यात छिद्रं उघडतं, कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि त्याचं आम्ल करून ठेवतं. मॅलिक आम्ल, कच्च्या सफरचंदात असतं तेच. सकाळी छिद्रं बंद. दिवसभर बंद दाराआड सूर्यप्रकाश घेऊन त्याच आम्लातून कार्बन डायऑक्साइड सोडवायचा आणि साखर करायची.

आता ऐका, या गोष्टीचं एक टोक आपल्याकडे आहे. वहीत घालून ठेवता ती पानफुटी! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासकडे बेंजामिन हाइने नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. त्याला पानफुटीचं पान चावून पाहायची खोड. त्याच्या लक्षात आलं, सकाळी पान आंबट लागतं, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. त्यानं लंडनला पत्र लिहून कळवलं, ते १८१५ मध्ये छापलं गेलं. रात्रभर साठलेलं आम्ल दिवसा खर्च होतं, म्हणून चव बदलते. हाइनेला हे कारण ठाऊक नव्हतं, एडिथलाही पूर्ण नव्हतं. सगळा उलगडा व्हायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं. तुम्ही मात्र पान चावून बघू नका, पानफुटीत विषारी द्रव्यं असतात आणि ती खाऊन गुरं दगावतात. हाइनेचं नशीब चांगलं.

पालोव्हर्डीचं नाव आलंच आहे, तर त्याचंही सांगतो. त्याची सालच हिरवी. कोरड्या दिवसांत पानं झाडून टाकतं आणि खोडावर, फांद्यांवर भागवतं. श्रीव्हनं टेकडीचा एक तुकडा निवडला आणि तिथे उगवलेलं पालोव्हर्डीचं प्रत्येक रोप नोंदलं. शेकडो रोपं. मग दरवर्षी हजेरी! काही सशा-उंदरांनी खाल्ली, बरीचशी पहिल्याच कोरड्या हंगामात वाळली. काही वर्षांनी उरली ती बोटांवर मोजण्याइतकी. आणि त्या उरलेल्यांतलं एखादं मोठं झालं, की त्याच्या सावलीत सवारोचं रोप धरतं. उघड्यावरचं सवारोचं बी भाजून तरी मरतं, गोठून तरी, नाहीतर कुणाच्या तरी पोटात जातं. पालोव्हर्डीखाली दिवसा सावली, रात्री वर आडोसा. असं हे दाईझाड. शेवट मात्र कडू आहे. सवारो मोठं झालं की उथळ मुळांनी पाऊस आधी तेच पितं, आणि पुष्कळदा म्हातारं पालोव्हर्डी त्याच्या शेजारीच वाळून जातं.

आणि जमिनीवरची ती चार दिवसांची रोपटी? त्यांचंही त्यानं पाहिलं. तिथे दोन टोळ्या, आपल्या खरीप-रब्बीसारख्या. एक उन्हाळी पावसावर उगवते, दुसरी हिवाळी. दोघींच्या बिया एकाच मातीत शेजारी शेजारी पडलेल्या असतात, पण जुलैच्या पावसात हिवाळी बी डोळा उघडत नाही. त्याला पाऊस आणि गारवा दोन्ही हवं. पुढे फ्रिट्स वेंट या शास्त्रज्ञानं आणखी एक गोष्ट दाखवली: दहा-पंधरा मिलीमीटर पावसानं कित्येक बिया फसत नाहीत, पंचवीसच्या आसपास झाला तरच उगवतात. बीच्या सालीत अंकुर रोखणारं द्रव्य असतं, ते धुऊन जायला तेवढं पाणी लागतं. म्हणजे बीला पर्जन्यमापकच बसवलेला!

तेव्हा अमेरिकेत फ्रेडरिक क्लेमेंट्स नावाच्या बड्या शास्त्रज्ञाचा दबदबा होता. तो म्हणे, मोकळ्या जमिनीवर आधी एक प्रकारची झाडं येतात, ती पुढच्यांसाठी जमीन तयार करतात, मग दुसरी येतात, असं करत रान आपल्या शेवटच्या ठरलेल्या रूपाला पोचतं. ओल्या प्रदेशात असं पुष्कळदा दिसतंही. पण श्रीव्ह आपल्या चौकोनांकडे बोट दाखवी. वाळवंटात जमीन मोकळी झाली की जी झाडं होती तीच पुन्हा येतात, सावकाश, पाऊस देईल तशी. कुणी कुणासाठी रांगेत उभं नाही. क्लेमेंट्स स्वतः काही वर्षं टूमामॉकवर कामाला येत असे, तरी श्रीव्ह आपलं म्हणणं सोडायला तयार नव्हता. आणि तो काही कोपऱ्यातला माणूस नव्हता. १९१५ मध्ये अमेरिकेची परिसरशास्त्र परिषद स्थापन झाली तेव्हा पहिला चिटणीस-खजिनदार तोच, आणि १९२२ मध्ये अध्यक्ष.

वय पन्नाशीच्या पुढे गेल्यावर तर त्याला चाकंच फुटली. १९३० च्या दशकात मोटारी घेऊन तो सोनोरा आणि बाहा कॅलिफोर्नियात हिंडला. रस्ते नाहीत, पाणी बरोबर न्यायचं, मुक्काम उघड्यावर. टेकडीवरच्या मंडळींनी अशा निर्जन जागी जे पर्जन्यमापक ठेवले, ते महिनोन्‌महिन्यांनी वाचायचे. साठलेलं पाणी उडून जाऊ नये म्हणून वर तेलाचा थर. बाहामध्ये त्यांना सिरिओ हे झाड भेटे. सरळसोट खांब, बुडाशी जाड, शेंड्याला निमुळता, बाजूंना काडीएवढ्या फांद्या. श्रीव्हचा सहकारी गॉडफ्री साइक्स यानं दुर्बिणीतून ते पहिल्यांदा पाहिलं आणि लुइस कॅरलच्या एका विनोदी काव्यातल्या अज्ञात प्राण्याचं नाव त्याला देऊन टाकलं: बूजम! आजही इंग्रजीत त्याला हेच म्हणतात.

या भटकंतीतून श्रीव्हनं उत्तर अमेरिकेचं वाळवंट चार भागांत मांडलं: ग्रेट बेसिन, मोहावी, सोनोरा, चिहुआहुआ. सोनोराचे पुन्हा सात पोटभाग. सीमा कशावरून ठरवल्या? वाळूवरून नाही, पावसाच्या आकड्यावरूनही नाही, तर तिथे कोणती झाडं कशी उभी आहेत त्यावरून. १९४२ मध्ये हे सगळं त्यानं छापलं. आजचे नकाशे अजून बहुतांशी त्याच रेषांवर चालतात.

पण तोवर कार्नेगी संस्थेचा रस आटला होता. १९४० मध्ये टेकडीवरची प्रयोगशाळा बंद झाली आणि नाममात्र किमतीला सरकारच्या वनखात्याकडे गेली. श्रीव्ह टूसॉनमध्येच राहून लिहीत होता. १९५० च्या जुलैत तो गेला, आणि सोनोराच्या वनस्पतींवरचं त्याचं मोठं पुस्तक छापून आलं १९५१ मध्ये. हातात घ्यायला तो राहिला नाही.

“आणि ते चौकोन?”

तेच सांगतोय! १९६० मध्ये ॲरिझोना विद्यापीठानं टेकडी घेतली. स्पाल्डिंगच्या चौकोनांतले नऊ अजून आहेत. त्याच्या मागून श्रीव्हनं मोजले, श्रीव्हच्या मागून इतरांनी, आणि २०१३ मध्ये त्यांची १०६ वर्षांची नोंद एकत्र प्रसिद्ध झाली. जगातले सगळ्यात जुने, अजून चालू असलेले असे चौकोन ते हेच, असं मानतात. तुमच्यापैकी कुणी मामाकडे फिनिक्सला गेलात तर टूसॉन मोटारीनं दोन तासांच्या आत आहे. टूमामॉकवर चालत जायचा रस्ता लोकांना खुला असतो, पहाटे आणि संध्याकाळी गावातली माणसं फिरायला जातात. जरूर जा. फक्त रस्ता सोडून झुडपांत शिरू नका. पाय कुणाच्या तरी शंभर वर्षांच्या हिशेबावर पडायचा.